कधीपासून?

"खोकला कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं, आणि आम्ही तिघांनी एकाच वेळी तीन उत्तरं दिली. बाबा म्हणाले, "असेल महिना-दोन महिने." आई म्हणाली, "छे, मागच्या थंडीपासून आहे की!" मी म्हणाले, "चार-सहा महिने झाले असतील." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "नीट आठवून सांगा," त्या म्हणाल्या. "यावर पुढचं बरंच काही ठरतं."

त्या रात्री मी फोनमधले जुने व्हिडिओ उघडून बसले. भाचीने पहिली चार पावलं टाकली तो व्हिडिओ आमच्या घरात शंभरदा तरी पाहिला गेला असेल. ती डगमगत पुढे येते, ताई दोन्ही हात पसरून बसलेली, सगळे टाळ्या वाजवताहेत, आणि त्या टाळ्यांच्या मागे, चौकटीच्या बाहेर कुठेतरी, खं-खं. लहानसा, कोरडा, दोन ठोक्यांचा खोकला. इतक्या वेळा पाहिला, पण तो खोकला मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला.

मग मी मागे मागे जात राहिले. प्रत्येक व्हिडिओत तो होता. कुणी बोलत असताना, कुणी हसत असताना, एकदा तर नुसत्या खिडकीतल्या पावसाच्या व्हिडिओत. शेवटी एक असा सापडला ज्यात बाबा सलग तीन मिनिटं बोलत होते आणि एकदाही खोकले नव्हते. त्याची तारीख पाहिली आणि बोटांवर महिने मोजले. 14 झाले होते.

मराठीत खोकल्यासाठी किती शब्द आहेत! पाणी चुकीच्या वाटेला गेलं की ठसका लागतो. घसा मोकळा करायला माणूस खाकरतो. घशात खवखव होते. अंथरुणाला पाठ टेकली की सुरू होते आणि थांबता थांबत नाही ती ढास. आतून उसळून येते, चेहरा लाल करते आणि डोळ्यांत पाणी आणते ती उबळ. लहान मुलाला एका दमात खोकायला लावतो आणि शेवटी 'हुप्' आवाज करत श्वास आत ओढायला लावतो तो डांग्या खोकला. ज्या भाषेने इतके बारकावे टिपले, ती बोलणाऱ्यांचे कान नक्कीच तिखट असणार. पण बाबांचा खोकला यातल्या कशातच बसत नव्हता. त्याने कधी झोपमोड केली नाही, कधी जेवता जेवता उठावं लागलं नाही. जिन्यात तो ऐकू आला की आई दार उघडायला उठायची. आमच्यासाठी तो त्यांच्या चपलांच्या आवाजासारखा, किल्ल्यांच्या खुळखुळण्यासारखा झाला होता. माणसाची खूण होऊन बसलेल्या आवाजाला लक्षण कोण म्हणणार?

त्या 14 महिन्यांत आम्ही खोकल्याबद्दल अगदीच अडाणी होतो असंही नाही. उलट दोन गोष्टी आम्ही त्याच काळात शिकलो होतो. दोन्ही खऱ्या होत्या, आणि दोन्हींनी मिळून आम्हाला बाबांच्या बाबतीत गाफील ठेवलं. म्हणून त्या आधी सांगते.

पहिला खोकला माझा. साधं सर्दी-पडसं झालं, दोन दिवस अंग मोडून आलं, ताप उतरला, नाक मोकळं झालं, पण खोकला काही जाईना. आठवडा झाला, दहा दिवस झाले. कोरडा, घशाच्या खळग्यात कुणीतरी पिसाने गुदगुल्या केल्यासारखा. बोलायला तोंड उघडलं की खोकला, हसलं की खोकला, थंड हवेत पाऊल टाकलं की खोकला. बाराव्या दिवशी मी घाबरून डॉक्टरांकडे गेले आणि मला अँटिबायोटिक हवंय असं सांगितलं. त्यांनी छाती तपासली, ताप बघितला, श्वास मोजले आणि म्हणाले, "अजून थोडी वाट बघू. हे विषाणूचं आहे, अँटिबायोटिकचा त्याच्यावर काही उपयोग नाही."

नंतर माझ्या वाचनात एक अभ्यास आला. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेला. त्यात संशोधकांनी लोकांना विचारलं होतं की असा खोकला किती दिवस टिकेल असं तुम्हाला वाटतं. उत्तरं साधारण 7 ते 9 दिवसांच्या आसपास आली. प्रत्यक्षात आधीच्या अभ्यासांची सरासरी काढली तेव्हा ती 18 दिवसांच्या जवळ निघाली. म्हणजे आपली अपेक्षा आणि शरीराची गती यांत दुपटीचं अंतर आहे, आणि विनाकारण घेतलेली कितीतरी औषधं त्या अंतरातच पोटात जातात. माझा खोकला विसाव्या-एकविसाव्या दिवशी कधी गेला ते मला कळलंही नाही.

त्याचं कारण असं की, विषाणू गेला तरी त्याने सोललेलं श्वासनलिकेचं अस्तर लगेच भरून येत नाही. खरचटलेल्या गुडघ्याला नुसता वारा लागला तरी झोंबतो ना, तसं. स्वरयंत्रात, श्वासनलिकेत आणि ती जिथे दोन फाट्यांत विभागते त्या दुभाग्यावर चेतातंतूंची अतिशय हळवी टोकं असतात. धूळ, धूर, पाण्याचा थेंब, काहीही टेकलं की तिथून निरोप व्हेगस नावाच्या चेतेवरून मेंदूच्या तळाशी जातो. पुढचं सगळं आपल्याला विचारल्याशिवाय होतं. खोल श्वास आत येतो. स्वरपट्ट्या घट्ट मिटतात. पोटाचे, छातीचे स्नायू आवळतात आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा वेळ हवा आत कोंडली जाते. त्या क्षणी छातीतला दाब पाऱ्याच्या 300 मिलिमीटरपर्यंत चढू शकतो. मग स्वरपट्ट्या फटकन उघडतात आणि तो स्फोट बाहेर पडतो.

रक्तदाब मोजताना आपण 120 हा आकडा ऐकतो, त्याच्या शेजारी हे 300 ठेवून पाहा. जोरात आणि सतत खोकणाऱ्याच्या बरगड्या का दुखतात, क्वचित बरगडीला चीर का जाते, कुणी खोकता खोकता बेशुद्ध का पडतं, हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खोकताना लघवीचे थेंब गळणं हाही त्याच दाबाचा परिणाम. कितीतरी बायका हे वर्षानुवर्षं कुणालाच सांगत नाहीत, घराबाहेर पडणं कमी करतात. यात लाजण्यासारखं काही नाही आणि यावर उपाय आहेत. डॉक्टरांना खोकल्याबद्दल सांगताना हेही सांगावं, अगदी तेवढ्याच सहजपणे.

व्हेगसबद्दल आणखी थोडं, कारण मला तिचं फार आश्चर्य वाटतं. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थच भटकणारी असा आहे. ती मेंदूतून निघते आणि गळा, हृदय, फुप्फुसं, अन्ननलिका, जठर असा प्रवास करत खाली जाते, आणि तिची एक बारीकशी फांदी चक्क कानाच्या नळीत गेलेली असते. फ्रीडरिश आर्नोल्ड या जर्मन शरीररचनातज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. म्हणून काही थोड्या लोकांना कानात काडी घातली की खोकला येतो, आणि कधी कधी महिनोन्महिने छळणाऱ्या कोरड्या खोकल्याचं मूळ कानात साठलेल्या मळात निघतं. खोकला छातीतून ऐकू येतो म्हणून तो छातीतूनच निघालेला असतो असं नाही.

आईचा खोकला हा याचा दुसरा नमुना. तिला रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांनी घशात खवखव सुरू झाली. सर्दी नाही, ताप नाही, कफ नाही. दिवसभर नुसतं खाकरणं, आणि रात्री आडवं झालं की ढास. मिठाच्या गुळण्या झाल्या, वाफ झाली, तीन वेगवेगळी खोकल्याची औषधं झाली. घरातल्या प्रत्येकाकडे एक उपाय होता. मग एका डॉक्टरांनी तिच्या सगळ्या गोळ्या पाहायला मागितल्या. पाकीट हातात घेऊन नाव वाचलं आणि विचारलं, "ही कधी सुरू झाली?"

गोळीच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' होतं. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल ही सगळी एका घराण्यातली औषधं. या घराण्याचा इतिहास ब्राझीलच्या जंगलातल्या जराराका नावाच्या विषारी सापापर्यंत जातो. हा साप चावला की रक्तदाब धाडकन कोसळतो. सर्जियो फेरेरा या ब्राझिलियन संशोधकाने 1960च्या दशकात दाखवून दिलं की त्याच्या विषातले काही घटक शरीरातल्या ब्रॅडीकायनिन या रक्तदाब उतरवणाऱ्या द्रव्याचा प्रभाव वाढवतात. त्या धाग्यावरून पुढे औषध घडवलं गेलं, आणि 1981 साली त्यातलं पहिलं, कॅप्टोप्रिल, अमेरिकेत मान्य झालं. तेव्हापासून या गोळ्यांनी असंख्य हृदयं आणि मूत्रपिंडं सांभाळली आहेत. पण ज्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, ही गोळी अडवते तेच विकर ब्रॅडीकायनिनची विल्हेवाटही लावत असतं. ते अडलं की ब्रॅडीकायनिन साठतं, श्वासनलिकेतली चेताटोकं हुळहुळी होतात आणि काही जणांना कोरडा खोकला लागतो. तो पहिल्या गोळीनंतर काही तासांतही सुरू होऊ शकतो आणि काही महिन्यांनीही, म्हणून गोळीशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

आईची गोळी डॉक्टरांनी बदलली. 'सार्टन' शेवट असलेल्या दुसऱ्या घराण्यातली दिली. तीन आठवड्यांत खोकला गेला. इथे मला कळकळीने एक सांगायचंय: हे वाचून कुणी आपली रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, नाव दाखवा, सुरू केल्याची तारीख सांगा. बदल त्यांना करू द्या.

तर आमच्या घरात हे दोन खोकले होऊन गेले होते. एकाने शिकवलं की धीर धरला की खोकला जातो. दुसऱ्याने शिकवलं की खोकल्यामागे कधी कधी अगदी किरकोळ कारण असतं. मग बाबांचा खोकला कानावर आला तरी आम्ही म्हणायचो, जाईल, नाहीतर असेल काहीतरी असंच. धीर धरण्याचा सल्ला तीन आठवड्यांसाठी होता. आम्ही तो वर्षभर वापरला.

प्रौढ माणसाच्या बाबतीत डॉक्टर खोकल्याचे तीन कप्पे करतात. तीन आठवड्यांच्या आतला, तीन ते आठ आठवड्यांमधला, आणि आठ आठवड्यांच्या पुढचा. पहिल्या कप्प्यात बहुतेक वेळा सर्दी-तापाचे विषाणूच असतात. दुसऱ्यात त्यांचीच शेपटी रेंगाळलेली असते, किंवा डांग्या खोकला असतो. तो मोठ्यांनाही होतो आणि मोठ्यांमध्ये 'हुप्' आवाज असेलच असं नाही. आठ आठवडे उलटले की मात्र आपोआप जाईल हे म्हणणं सोडायचं आणि कारण शोधायला लागायचं. मुलांच्या बाबतीत तर चार आठवडेच धरतात. आणि क्षयाचा विचार याहून बराच आधी करावा लागतो: दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, त्यातून संध्याकाळचा ताप, रात्री दरदरून घाम, वजन उतरणं यातलं काही सोबत असेल तर तपासणी लगेच व्हायला हवी. रॉबर्ट कॉखने या रोगाचा जंतू 24 मार्च 1882 रोजी जगासमोर मांडला. आज औषधांनी तो बरा होतो. उशीर मात्र रुग्णालाही भोवतो आणि त्याच्या घरच्यांनाही.

आठ आठवड्यांच्या पुढच्या कोरड्या खोकल्यात, छातीचा एक्स-रे ठीक असेल आणि माणूस विडी-सिगारेट ओढत नसेल, तर तीन कारणं पुन्हा पुन्हा समोर येतात. नाकातला स्राव मागच्या मागे घशात उतरत राहणं. दमा. आणि जठरातलं आम्ल वर येणं. दम्याचं नाव काढलं की आपल्याला धाप आणि सूं-सूं आवाज आठवतो, पण एका प्रकारच्या दम्यात खोकला हेच एकमेव लक्षण असतं, रात्री, पहाटे, पळल्यावर, मनमोकळं हसल्यावर येणारं. आम्लाचंही तसंच. छातीत जळजळ न होताही ते खोकला आणतं, मग जेवणानंतर किंवा वाकल्यावर तो वाढतो, सकाळी आवाज बसलेला असतो. म्हणून खोकला कधी येतो, कशाने वाढतो, झोपल्यावर की उठल्यावर, हे चार दिवस कागदावर टिपून नेलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

काही जणांना या सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. खोकला आहे आणि तो छळतो आहे, पण सगळे अहवाल चांगले. अशांना घरचेच म्हणतात, मनाचे खेळ आहेत. ते ऐकून मला फार वाईट वाटतं. त्यांची खोकल्याची चेता खरोखरच अतिहळवी झालेली असते. अत्तराचा वास, थंड वारा, नुसतं बोलणं एवढंही पुरतं. त्यावरही इलाज आहेत. त्या चेतेला शांत करणारी औषधं आहेत, आणि वाचा-उपचार तज्ज्ञ उबळ दाबून धरण्याची, गिळण्याची, नाकाने सावकाश श्वास घेण्याची तंत्रं शिकवतात. नेटाने केली तर ती उपयोगी पडतात.

आता बाबा. त्यांना आधी कुणी दाखवलंच नाही असंही नव्हतं. वर्षभरात दोनदा एका डॉक्टरांकडे जाऊन आले होते. दोन्ही वेळा पातळ औषधाची बाटली मिळाली. एकदा एक्स-रेही काढला होता, तो 'नॉर्मल' आला आणि आम्ही निश्चिंत झालो. शर्ट वर करून पाठीला स्टेथोस्कोप मात्र कुणी लावला नव्हता. दोष कुणा एकाचा म्हणत नाही. बाबाच आत जाऊन "काही नाही, जरा खोकला आहे" असं म्हणायचे, आणि आम्ही बाहेर बसायचो.

या वेळी आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी बाबांना पुढे वाकून बसवलं आणि पाठीच्या अगदी खालच्या भागावर, जिथे फुप्फुसं संपतात तिथे, स्टेथोस्कोप टेकवला. "खोल श्वास." मग दुसरी बाजू. पुन्हा पहिली. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मी काय ऐकताय असं विचारल्यावर त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावला. बाबांनी श्वास घेतला, आणि श्वासाच्या शेवटाला, अगदी आतून, बारीक चर्र-चर्र आवाज आला. बुटाची चिकटपट्टी, ती वेल्क्रोची, हळूच सोडवताना येतो तसा. हाताची चार बोटं मावतील एवढ्याशा जागेत तो आवाज होता. बाहेर, श्वास घेताना, काहीच ऐकू येत नव्हतं.

मग त्यांनी बाबांना दोन्ही तर्जनींची नखं एकमेकांना पाठ लावून टेकवायला सांगितली. कुणीही करून पाहावं: नखांच्या मुळाशी दोन बोटांमध्ये पतंगाच्या आकाराची एक छोटी फट दिसते, तिच्यातून उजेड येतो. बाबांच्या बोटांत ती फट नव्हती. नखं मुळापासून फुगून गोल झाली होती, पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलेली. ही खूण 1976 साली लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञाने नोंदवली, ती त्याने स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर पाहिली होती. फुगलेली बोटं स्वतः आजार नव्हेत, पण ती फुप्फुसांकडे आणि हृदयाकडे बोट दाखवतात. मी त्या बोटांना धरून चालायला शिकले. बदलली कधी, ते मला सांगता आलं नाही.

मग सहा मिनिटं चालण्याची चाचणी. लांब बोळात बाबा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी. सुरुवातीला 95. तिसऱ्या मिनिटाला 90. सहाव्याला 86. बाबा थांबले नाहीत, पण शेवटच्या फेरीत त्यांनी भिंतीला हात लावला. आई बाकावर बसून सगळं बघत होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हे जिन्यात फोनवर बोलायला थांबायचे ना, ते फोनवर बोलत नव्हते गं." वर्षभर मधल्या पायऱ्यांवर बाबा फोन कानाला लावून उभे राहायचे. धाप लागते हे आम्हाला कळू नये म्हणून.

सीटी स्कॅनने नाव दिलं: फुप्फुसांचा फायब्रोसिस. जखम भरताना कातडीवर जसा जाड, ताठ वण राहतो, तसे वण फुप्फुसांच्या नाजूक जाळीत, खालच्या बाजूने, धरत जातात. फुप्फुसं ताठ होतात, पुरती फुलत नाहीत, ऑक्सिजन रक्तात जायला अडतो. सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेत हे निसटू शकतं. कधी पक्ष्यांच्या विष्ठेची धूळ, कधी कामाच्या जागेवरची दगडाची किंवा ॲस्बेस्टॉसची धूळ, कधी एखादं औषध, कधी संधिवाताच्या जातीचा आजार हे कारण असतं. बाबांच्या बाबतीत शोधूनही कारण सापडलं नाही. झालेले वण परत जात नाहीत. पण 2014 साली अमेरिकेत एकाच महिन्यात मान्य झालेली पिरफेनिडोन आणि निंटेडानिब ही दोन औषधं वण पुढे सरकण्याचा वेग कमी करतात. हे ऐकल्यावर मी मनातल्या मनात जे गणित केलं ते अजून सुटत नाही. जे औषध फक्त वेग कमी करतं, ते 14 महिने आधी सुरू झालं असतं तर किती जागा राखली असती?

म्हणून मी हे लिहायला बसले. तुमच्या घरातला खोकला बहुधा माझ्या खोकल्यासारखा किंवा आईच्या खोकल्यासारखाच असेल, आणि घाबरण्यासारखं काही निघणार नाही. तरी काही गोष्टी खोकल्यासोबत दिसल्या तर दिवस मोजत बसू नका. थुंकीत रक्त, थेंबभर का असेना. चढताना किंवा बोलताना पूर्वी लागत नव्हती ती धाप. न घटवता घटलेलं वजन. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना अडकणं, मानेत किंवा गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर गाठ. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याचा खोकला बदलला, वेगळा वाटू लागला, तर तेही. रात्री उशा वाढवाव्या लागत असतील, पावलं सुजत असतील, तर तो खोकला हृदयाकडून आलेला असू शकतो. आणि अचानक धाप, श्वास घेताना छातीत टोचणारी कळ, एकाच पायाच्या पोटरीला सूज, ओठ निळसर, बोलण्यात असंबद्धपणा, यातलं काहीही असेल तर दवाखान्याची वेळ बघायची नाही, सरळ तातडीच्या विभागात जायचं.

लहान मुलांसाठी वेगळं सांगते. मूल खेळता खेळता किंवा खाता खाता एकदम खोकायला लागलं आणि मग शांत झालं, तरी दाखवून आणा. शेंगदाणा किंवा खेळण्याचा तुकडा श्वासनलिकेत जाऊन बसलेला असू शकतो, आणि खोकला थांबणं हे तो बाहेर पडल्याचं लक्षण नसतं. तान्ह्या बाळाला डांग्या खोकला झाला तर ते खोकणारही नाही, नुसता श्वास मध्येच थांबेल. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा खोकला किंवा ताप घरी सांभाळायचा नाही. मुलांना मोठ्यांचं खोकल्याचं औषध चमच्याने मोजून देण्याचा मोह टाळा. चार वर्षांखालच्या मुलांना ही औषधं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नयेत. मध एक वर्षावरच्या मुलांना आणि मोठ्यांना घशाला खरोखर आराम देतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला तो कधीच चाटवू नये, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

बाबांची औषधं सुरू होऊन आता दीड वर्ष झालं. उन्हात गेले की कातडी लाल होते, जेवणावरची वासना मंदावली आहे, तरी गोळी चुकवत नाहीत. खोकला आहे. जिन्यात आता फोन कानाला लावत नाहीत, कठड्याला हात लावून उघडपणे थांबतात, आणि आई वरून दार उघडून उभी असते.

मागच्या आठवड्यात ठरलेल्या तपासणीला गेलो. मी फाइल उघडून पानं चाळत होते. डॉक्टरांनी विचारलं, "कसा आहे खोकला?" मी तोंड उघडायच्या आत बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"मंगळवारपासून थोडा कफ पडतोय. पांढरा. रात्री दोनदा उठलो. गुरुवारी एकदा."